बिअर करणारी सुरतेला जाते तेव्हा

पुण्यात मी बिअर बनवते. सकाळी माल्ट दळायचं, टाक्यांचं तापमान बघायचं, कालच्या घाण्याची चव घ्यायची आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचं रजिस्टर भरायचं, हे माझं काम. परगावी गेले की पहिल्या संध्याकाळी मी तिथल्या ब्रूपबमध्ये जाऊन बसते. बंगळुरूला तेच, गोव्याला तेच. सुरतेत मात्र ते शक्य नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तिथे ब्रूपब असण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही प्रवासातली एक संध्याकाळ नुसती खाण्यासाठी राखून ठेवायची असेल, तर मी सुरतेचं नाव घेईन, आणि बिअर करणारी म्हणूनच घेईन.

आधी ब्रूपब म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही. जिथे बिअर बनते तिथेच ती नळातून ग्लासात येते आणि सोबत जेवण मिळतं, अशी ही जागा. बार्ली भिजवून मोड आणतात आणि ते मोड वाळवतात, त्याचं माल्ट होतं. ते भरडून साधारण ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. एल जातीची बिअर २० अंशांच्या आसपास आठवडा-दोन आठवड्यांत तयार होते, लागरला थंडी जास्त लागते आणि वेळही. दुकानातली बाटली पाश्चराइझ केलेली असते, म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. आमची बिअर तशी नसते. ती जिवंत असते. हॉप्सचा वास दिवसागणिक उतरत जातो, उन्हात बाटली राहिली तर तासाभरात बिघडते. पुण्यात डूलाली २००९ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांना या ताज्या बिअरची ओळख झाली. नंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, मुंबईत अंधेरी, वांद्रे असं हे पसरत गेलं.

या सगळ्याचं मर्म मला एवढंच वाटतं: जो पदार्थ प्रवास करू शकत नाही, त्याच्यापाशी आपण प्रवास करून जायचं. सजावट, गाणी, मोठा पडदा नसला तरी चालतं. चार पावलांवर बनलेली वस्तू तिच्या ऐन वेळेला तोंडात पडली पाहिजे. आणि या कसोटीवर सुरत माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही ब्रूपबपेक्षा वरचढ आहे.

मी शहाद्याकडची. आमच्याकडून सुरतेला जायचं तर भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी, नंदुरबारला बसायचं. वाटेत नवापूर लागतं. या स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकावर अर्ध्यात महाराष्ट्र, अर्ध्यात गुजरात असं रंगवलेलं. लोक त्यावर बसून फोटो काढतात. माझं लक्ष मात्र दर वेळी एका कायद्याकडे जातं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तेव्हाच्या अख्ख्या मुंबई राज्याला लागू होता. १ मे १९६० ला राज्य दुभंगलं आणि दोन्ही वारसांच्या वाट्याला तोच कायदा आला. गुजरातने तो कडक ठेवला, आणि २०१७ साली दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यासाठीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. महाराष्ट्राने तोच कायदा ठेवून परवान्यांची दारं उघडली. म्हणून आजही आपल्याकडे दारू पिणाऱ्याजवळ कागदोपत्री परवाना असावा लागतो, एक दिवसाचा किंवा आजन्म. बिअरला वय २१ पूर्ण आणि कडक दारूला २५. मी ज्या परवान्यावर बिअर करते, तो ज्या कायद्याखाली मिळतो त्याच्या नावात ‘दारूबंदी’ हाच शब्द आहे. बाकाच्या एका टोकाला माझा व्यवसाय, दुसऱ्या टोकाला गुन्हा. गाडी दोन-चार मिनिटं थांबते आणि व्यारा, बारडोली करत उधन्याकडे निघते.

उधना आणि लिंबायत हे सुरतेतलं खानदेश आहे. यंत्रमागांच्या कामासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली. दुकानांच्या पाट्यांवर आपल्याकडची आडनावं दिसतात, गल्लीत अहिराणी कानावर पडते. माझी आत्या लिंबायतला राहते. आतोबांची सगळी हयात लूमच्या खात्यात गेली. आत्याच्या घरी सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा असतो, पण संध्याकाळी चूल पेटत नाही. "संध्याकाळी घरात जेवलं तर सुरतेत राहून काय केलं?" असं ती म्हणते, आणि शनिवारी-रविवारी साऱ्या शहराचं हेच मत दिसतं. डुमस रोडच्या कडेला चादरी अंथरून कुटुंबंच्या कुटुंबं डबे उघडून बसतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडवो असतो. त्या रात्री घारी ही मिठाई आणि भुसू हे फरसाण घेऊन रस्त्याकडेला बसायचं, हा तर इथला सणच.

थंडीत गेलात तर पहिला मुक्काम पोंक. आपला हुरडाच तो, कोवळ्या ज्वारीचा. पण आपण हुरडा शेतावर खातो आणि सुरतेने तो शहराच्या मध्यात आणून बसवला आहे. अडाजणला, तापीवरच्या सरदार पुलाच्या अंगाला, हंगामात पोंकची दुकानं ओळीने लागतात. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच कापडात घेऊन झोडपायची, की हिरवे मऊ दाणे मोकळे होतात. ते पाखडून लगेच पुढ्यात. सोबत लिंबू-मिरीची शेव, साखरेचे बारीक दाणे आणि ताक. पोंकचे वडेही मिळतात, गरम खावेत.

हुरड्याचं सारं सौंदर्य वेळेत आहे, हे मला धान्याशी रोज काम करताना कळत गेलं. दाणा दुधाळ असतो तेव्हा त्यात साखर असते. दिवस उलटले की ती साखर पिष्टात बदलते आणि दाणा कडक होतो. मी पुण्यात बरोबर उलटं करते: कडक दाण्याला मोड आणून त्या पिष्टाची पुन्हा साखर करते, कारण यीस्टला साखरच खाता येते. म्हणजे पोंकवाला दाण्याला त्याच्या साखरेच्या घडीत पकडतो आणि मी त्याला त्या घडीत परत नेते. पोंक विकणाऱ्या एका बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "बेन, आ सवारना छे, पेला सांजना. बंने खाओ." सकाळी भाजलेले आणि संध्याकाळी भाजलेले. फरक जिभेला लगेच कळला. आमच्याकडे नव्या माणसाला चव घ्यायला शिकवतात ते असंच, दोन ग्लास शेजारी ठेवून.

ताजेपणाखालोखाल मला सुरतेत खेचतं ते आंबवणं. वाटी दाळना खमण ही इथली खरी चीज. चण्याची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, आंबट ताक किंवा दही घालून रात्रभर ठेवायची, सकाळी वाफवायची. लोचो त्याच घराण्यातला, पण पिठात पाणी जास्त, म्हणून चौकोनी वड्या पडत नाहीत. गरम गोळा ताटलीत, वर तेल किंवा लोणी, मसाला, शेव, कांदा, हिरवी चटणी. तो वाफ असेतोच खायचा. दहा मिनिटांनी खाल्लेला लोचो हा दुसराच पदार्थ. सुरतेबाहेर त्याची दुकानं निघतात, पण भांड्यातून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात हे अंतर जिथे वाढलं तिथे तो मला आवडलेला नाही.

रात्रभरात त्या डाळीत काय होतं? लॅक्टोबॅसिलस वंशाचे जीवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्याने आंबटपणा येतो, पीठ हलकं होतं आणि डाळीचा उग्रपणा मोडतो. युरोपातल्या आंबट बिअरी याच जीवाणूंवर चालतात. बर्लिनची वाइसऽ असो की जर्मनीतल्याच लाइप्झिगची मीठ-धण्याची गोझऽ, आधी हे जीवाणू काम करून जातात, मग यीस्ट. पुण्यात गोझऽचा घाणा घालताना टाकीतून जो वास येतो, तो आत्याच्या स्वयंपाकघरातल्या सकाळच्या पातेल्याचा वास आहे. नुसता सोडा आणि लिंबूसत्त्व घालून पंधरा मिनिटांत फुगवलेलं पिवळंधमक खमण सगळीकडे मिळतं. ते खाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण सुरतेला गेल्यावर डाळीचं, रात्रभर आंबवलेलं मागून घ्यावं. दुकानदाराला विचारलं तर तो खरं सांगतो.

आंबवण्याचा याहून जुना धागा नानपुऱ्यात सापडतो, दोटीवाला बेकरीत. सुरतेत डचांची वखार होती. ते निघून गेले तेव्हा त्यांच्या भट्टीवर काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे भट्टी आली, अशी त्या घराण्याची हकिकत आहे. बेकरी स्वतःचं साल १८६१ लावते. त्या काळचा पाव ताडीने फुगवत. ताडाच्या झाडावरून उतरलेल्या रसात हवेतलं, भांड्यातलं यीस्ट आपोआप शिरतं आणि काही तासांत तो फसफसू लागतो. ती फसफसणारी ताडी कणकेत घातली की पाव फुलतो. म्हणजे ज्या रसाने माणसाला चढते त्याच रसाने पाव चढतो, जीव एकच. बिअर आणि पाव सख्खी भावंडं आहेत, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि ते ताडीच्या रूपात या गावात शतकभर तरी रोज सकाळी घडत होतं. न खपलेले पाव वाळून टिकत, लोकांना ते वाळलेलेच आवडू लागले आणि त्यातून बिस्किटं निघाली. नानखटाई आणि जिऱ्याची खारी बिस्किटं घ्यायला आजही मुंबईहून माणसं येतात. मी घेते ती बटर बिस्किटं, चहात बुडवायला.

ताडाचा रस आंबण्याआधी, सूर्य वर चढायच्या आत प्यायला तर तो नीरा. सुरतेत तो थंडीच्या सकाळी मिळतो. मडक्याला आतून चुना लावला की यीस्टचं काम लांबतं. नीरा आणि ताडी यांच्यामध्ये तेवढ्या तासांचंच अंतर आहे, आणि कायद्याच्या दोन बाजू त्या तासांवर ठरतात. नीरा मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी लवकर उठून प्यावी, असं मी सगळ्यांना सांगते. गोड असते, पण मागे एक पालवीसारखी हिरवी चव राहते.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं असताना दारूच तेवढी का गेली? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्याकडचे लोक गुजरातच्या दारूबंदीबद्दल फार वरवर बोलतात.

सुरतेत दारू कधी नव्हतीच, असं नाही. इंग्रजांची वखार इथे १६१३ च्या सुमारास स्थिरावली. इंग्लंडहून बराचसा रस्ता पायी तुडवत हिंदुस्थानात पोचलेला टॉमस कोरिएट हा प्रवासी १६१७ च्या डिसेंबरमध्ये सुरतेत वारला. तो हगवणीने आजारी होता आणि वखारीतल्या देशबांधवांनी प्रेमाने पाजलेल्या सॅक नावाच्या वाइनने दुखणं बळावलं, असं त्याला ओळखणाऱ्या एडवर्ड टेरीने लिहून ठेवलं आहे. १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी आला. त्याने इथले इंग्रज मद्य, गुलाबपाणी, लिंबू आणि साखर यांचं मिश्रण पितात अशी नोंद केली. पंच या पेयाच्या सुरुवातीच्या नोंदींत ती मोडते.

पण दारू सोडण्याची गोष्ट वखारीतून आली नाही, ती जंगलातून आली. १९२२ च्या शेवटी सुरत जिल्ह्याच्या आदिवासी गावांत ‘देवी’ अंगात येऊ लागली. ती लाट पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून निघून, नाशिककडचे डोंगर आणि डांग ओलांडून तिथे पोचली होती. म्हणजे आपल्या मुलखातूनच गेली होती. मांडवाखाली बसलेल्यांच्या तोंडून देवी सांगे: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याच्या कामाला जाऊ नका. इंग्रजी अमलात मोह गाळणं हा गुन्हा झाला होता. घरची दारू बंद, सरकारी ठेक्याची दुकानं चालू, आणि त्या दुकानांच्या उधारीत जमिनी जात होत्या. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक लिहिलं. ते वाचल्यापासून दारूबंदी म्हणजे वरून लादलेला सोवळेपणा एवढंच, असं मला म्हणवत नाही. ती कर्जातून सुटू पाहणाऱ्या माणसांची मागणीही होती. पुढे १९३० मध्ये दांडीचं मीठ उचलल्यावर गांधींनी दारूच्या दुकानांसमोर उभं राहण्याचं काम खास स्त्रियांवर सोपवलं. सुरत जिल्ह्यात त्यात पुढे होत्या मिठुबेन पेटिट, स्वतः एका श्रीमंत पारशी घराण्यातल्या. मरोलीच्या आश्रमात त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं.

मी बिअर बनवते आणि ते काम मला सन्मानाचं वाटतं. पण आत्याच्या गल्लीत, पगाराच्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी वेळेवर येतो म्हणून बंदी हवी, असं सांगणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांच्यासमोर मला ताज्या हॉप्सचं कौतुक सांगवत नाही. चोरून येणाऱ्या दारूचं काय, हेही त्याच बायका सांगतात, आणि २०२२ मध्ये बोटादकडे विषारी दारूने किती घरं उठली हे त्यांना माहीत असतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही त्यांच्या अंगावरून गेलेलं आहे.

प्रवाशाने काय करावं, ते सरळ सांगते. परराज्यातल्या पाहुण्याला गुजरातेत तात्पुरता परवाना मिळतो आणि ठरावीक हॉटेलांतल्या दुकानांतून त्यावर घेता येतं. घ्यायचंच असेल तर तोच मार्ग. पुण्या-मुंबईहून बॅगेत बाटली घालून नेऊ नका. शनिवारी दमणकडे गाड्यांची रांग लागते, ते पोर्तुगीजांच्या ताब्यात १९६१ पर्यंत होतं आणि तिथे बंदी नाही. पण सुरतेची संध्याकाळ सोडून मी तरी गेले नाही.

कारण जेवणासोबत बिअर जे काम करते, ते इथे दुसरी पेयं चोख करतात. तळलेल्या, तेलकट घासानंतर जिभेवरचा थर निघायला तीन गोष्टी लागतात: बुडबुडे, आंबटपणा, थोडा कडवटपणा. सोस्यो घ्या. अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी १९२३ साली सुरतेत ते काढलं, विमटो या विलायती पेयाला स्वदेशी उत्तर म्हणून. द्राक्ष आणि सफरचंदाचा वास, गोडीच्या मागे किंचित तुरट. मला त्यात सफरचंदाच्या सायडरची आठवण येते. २०२३ मध्ये रिलायन्सने त्यातला निम्मा हिस्सा घेतला, बाटली मात्र अजून सुरतेच्या माणसाला आपलीच वाटते. लोणी घातलेल्या लोच्याबरोबर थंडगार सोस्यो ही मी आजवर घेतलेल्या उत्तम जोड्यांपैकी एक. पोंकबरोबर सोस्यो नको, गोडावर गोड होतं; तिथे ताक आणि मिरीची शेव हवी, मिरी हॉप्सचं काम करते. तापीपलीकडे रांदेरला आलू-पुरी खाल्लीत, किंवा तिथल्या व्यापाऱ्यांनी रंगूनहून आणलेला खावसा खाल्लात, तर सोबत काहीच घेऊ नका. नारळाच्या दुधातल्या त्या शेवयांना लिंबू पिळलेलं पुरतं. कोल्ड कोको, म्हणजे थंडगार दाट चॉकलेटी दूध, शेवटी, आणि दोघांत एक.

यंदा परतताना आत्याने कोरड्या ज्वारीची पिशवी बांधून दिली. मी तिला मोड आणून बघणार आहे. ज्वारीची बिअर आफ्रिकेत शतकानुशतकं होते. दक्षिण आफ्रिकेतली उमकोंबोथी मका आणि ज्वारीचीच. बार्लीपेक्षा ज्वारीचं पिष्ट जास्त उष्णतेला मोकळं होतं आणि मोडात साखर करणारी विकरं कमी पडतात, तेव्हा ६५ अंशावर भागणार नाही. थोडा भाग आधी उकळून घ्यावा लागेल आणि बार्लीचं माल्ट जोडीला द्यावं लागेल. हॉप्स कमी, शेवटी लिंबाची साल आणि भरडलेली मिरी. आत्याला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "शेव तरी सुरतेचीच ठेवशील ना?" शेव तिच्याकडूनच मागवली आहे.